तबकात जाण्यापूर्वीची वर्षे

जूनचा पहिला आठवडा होता. पावसाची एक दणदणीत सर नुकतीच येऊन गेली होती आणि दवाखान्याच्या पायरीवर लाल चिखलाची पावले उमटली होती. ७६ वर्षांचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक उजव्या हाताची तर्जनी रुमालात गुंडाळून माझ्यासमोर येऊन बसले. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. मीही तेच म्हणते. जखम फार खोल नव्हती, पण मातीने भरलेली होती, आणि मधुमेह बारा वर्षांचा. जखम धुताना मी जरा रागानेच विचारले, ‘‘गुरुजी, हे कुठे लावून घेतलेत?’’

त्यांनी डाव्या हातातली पिशवी टेबलावर ठेवली. आत ओल्या गोणपाटात गुंडाळलेली वीतभर उंचीची चार रोपे होती. तीन नांद्रुकाची, एक पिंपळाचे. मुलाच्या घराभोवतीचा जुना चिऱ्यांचा गडगा दुरुस्त करायला गवंडी आला होता. फटींत उगवलेली रोपे तो उपटून टाकणार आणि मुळांवर ॲसिड ओतणार हे कळताच गुरुजी स्वतः पारई घेऊन बसले होते. पत्नी गेल्यावर गावचे घर बंद करून ते शहरात मुलाकडे आले, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. ‘‘आठ महिन्यांत बाबा आज पहिल्यांदा स्वतःहून अंगणात उतरले,’’ त्यांच्या सूनबाई मागे उभ्या राहून हळूच म्हणाल्या. मी टीडीची लस दिली, पट्टी बांधली आणि रागावणे आवरते घेतले.

गुरुजींना त्या रोपांचे बोन्साय करायचे होते.

बोन्साय म्हणजे लहान कुंडीत खुंटवून ठेवलेले झाड, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. माझीही होती. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांनी मला तयार बोन्साय भेट दिले होते. काळ्या तबकातले, नखाएवढ्या पानांचे. मी ते मोठ्या हौसेने रुग्णांच्या बसण्याच्या खोलीत, कॅलेंडरच्या खाली ठेवले. तिथे ऊन नव्हते, पंखा मात्र दिवसभर होता. पाणी कधी दोघे घालत, कधी कोणीच नाही. सहा आठवड्यांत पाने गळाली आणि तबक रिकामे झाले. ते झाड कोणीतरी दहा-बारा वर्षे वाढवले असेल, हे मला फार उशिरा उमगले.

जपानी भाषेत ‘बोन’ म्हणजे तबक आणि ‘साय’ म्हणजे लावणे. पण तबक ही या कामातली अगदी शेवटची पायरी आहे. रोप लहान कुंडीत कोंडले तर ते लहान राहते हे खरे, परंतु त्याचे खोडही काडीसारखेच राहते. खोडाला घेर येतो तो वर भरपूर पाने आणि खाली मुळांना मोकळी माती मिळाली तरच. म्हणून ज्याला म्हातारे दिसणारे ठेंगणे झाड हवे आहे, त्याने आधी काही वर्षे ते रोप मनसोक्त वाढू द्यावे लागते. आधी मुळे, मग खोड, मग फांद्या आणि शेवटी तबक. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने ‘बोन्साय नमस्ते’ हे आंतरराष्ट्रीय संमेलन भरले होते. अशा प्रदर्शनांतली छायाचित्रे आता मी वेगळ्या नजरेने पाहते. पानांकडे लक्ष जात नाही. खोड मातीत शिरते त्या जागेकडे जाते. काम करणाऱ्याची सारी वर्षे तिथे साठलेली असतात.

रत्नागिरीकरांना हे समजायला कठीण जाऊ नये. कलम हा शब्द आपल्याकडे पाळण्यापासून कानावर पडतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) कोय कलमाचा प्रसार केला. नुकत्याच रुजलेल्या कोयीच्या तांबूस कोंबात हापूसची काडी कशी बसवतात, हे आपल्या कित्येक आजोबांनी स्वतः केलेले आहे. गुटी कलमही अनेकांना येते. आज हात थरथरत असले, तरी ही माहिती त्या हातांत असते. बोन्सायासाठी रोप तयार करताना नेमकी हीच विद्या लागते. शहराबाहेरच्या सड्यावर गेलात तर निसर्गाने केलेले कामही दिसेल. जांभ्याच्या कातळावर जेमतेम वीतभर माती, पावसाळ्यात साचलेले पाणी, मार्चपासून तव्यासारखा तापलेला दगड आणि समुद्रावरचा वारा. तिथल्या करवंदीच्या जाळ्या आणि अंजनीची झुडपे वर्षानुवर्षे कमरेच्या वर जात नाहीत. ती पाहावीत, उपटून मात्र आणू नयेत. सड्यावरचे जुने झाड उपटले की बहुधा मरते, आणि ते आपले नसतेही. गडग्याच्या फटीतले, विहिरीच्या कठड्यातले, गच्चीच्या पन्हाळीतले रोप, जे कोणीतरी एरवी उपटून टाकणारच आहे, ते घ्यावे.

गुरुजींचा हिशेब

दुसऱ्या पट्टीच्या वेळी गुरुजींनी विचारले, ‘‘मनगटाएवढे खोड व्हायला किती वर्षे लागतील, डॉक्टर?’’

मी तोवर थोडे वाचले होते, जाणत्यांना विचारले होते. नांद्रुक आपल्या हवेत झपाट्याने वाढतो. जमिनीत पाच-सहा वर्षे, पिशवीत ठेवले तर त्याहून पुष्कळ अधिक. फांद्या घडवायला आणखी चार-पाच. मी खरे तेच सांगितले. सांगताना मला अवघडल्यासारखे झाले. ७६ वर्षांच्या, साखर वर-खाली होणाऱ्या माणसाला दहा वर्षांचा वायदा सांगणे आमच्या व्यवसायात फारसे घडत नाही. आम्ही ‘तीन महिन्यांनी रक्त तपासू’ असे म्हणतो.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘मी चौथीपर्यंत शिकवायचो. माझ्या हाताखालचे पोर मॅट्रिक झालेले मी क्वचितच पाहिले. चौथी झाली की ती दुसऱ्या शाळेत जायची.’’ एवढे बोलून त्यांनी पुढच्या पट्टीची तारीख विचारली.

वाचकहो, मी हा लेख लिहायला बसले ती या उत्तरामुळे. वृद्धांसाठी बागकाम चांगले, असे आम्ही डॉक्टर नेहमी सांगतो आणि मग कोणीतरी त्यांना फुललेली कुंडी आणून देते. फुललेल्या कुंडीत करण्यासारखे काही उरलेले नसते. ती फक्त सुकू शकते. वाढणाऱ्या रोपाचे तसे नाही. त्याला थोडे थोडे, पण ठरलेल्या वेळी काम लागते, आणि चुकले तरी पुढचा हंगाम असतो. बोन्सायातले नाजूक, महागडे, शेवटचे काम तरुणांना करू द्यावे. पहिली पाच वर्षे मात्र ज्यांना घाई नाही आणि ज्यांनी जन्मभर काहीतरी वाढवले आहे, त्यांच्या वाट्याला यावीत असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष काम. गडग्यातले रोप ओढू नये. पहिला चांगला पाऊस होऊन दगड-माती भिजली की शेजारचा चिरा सैल करावा आणि रोप मुळांसकट मोकळे करावे. हे पारईचे काम आहे. ते घरातल्या तरुणाने करावे. सरळ खाली गेलेले सोटमूळ कापून टाकावे आणि बाजूची बारीक मुळे जपावीत. निम्मी पाने कमी करावीत म्हणजे तुटक्या मुळांवर भार येत नाही. मग एक जुने मंगलोरी कौल घ्यावे. कोकणात कोणाच्याही परसदारी दोन-चार पडलेली असतात. रोप लावण्याच्या खड्ड्यात किंवा पिशवीत, मातीच्या चार-पाच बोटे खाली ते कौल पालथे ठेवावे, त्यावर रोप बसवून मुळे सायकलच्या चाकाच्या काड्यांसारखी चोहोबाजूंना पसरावीत आणि वर माती लोटावी. कौलामुळे मुळांना खाली जाता येत नाही, ती आडवी पसरतात. काही वर्षांनी माती बाजूला केली की खोडाच्या पायथ्याशी जो पसरट पाया दिसतो, त्यावर त्या झाडाचे सारे रूप उभे असते. गुरुजींनी चारही कौले गावच्या घरून मागवून घेतली. बाजारातली चालली असती, पण मी काही बोलले नाही.

मातीविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. पाणी धरून ठेवणारी माती जुलैत मुळे कुजवते. चिरेखाणीजवळ जांभ्याचे तुकडे मिळतात. ते चाळून भुकटी काढून टाकावी आणि हरभऱ्याएवढे खडे दोन भाग, कुजलेले शेणखत एक भाग, साधी माती एक भाग असे मिश्रण करावे. पिशवी विटांवर ठेवावी. तीन-चार आठवडे सावली द्यावी, मग ऊन.

त्यानंतर सगळ्यात अवघड काम येते, ते म्हणजे काही न करणे. पहिली दोन वर्षे रोप पाच-सहा फूट गेले तरी जाऊ द्यावे. खालची एखादी फांदी वेडीवाकडी वाढली तर तीही राहू द्यावी. तीच खोडाचा खालचा भाग जाड करते, तिचे काम झाले की ती कापायची असते. नातवंडे ‘आजोबा, हे कसले बोन्साय, हे तर झाड आहे’ असे म्हणतील. म्हणू द्यावे. दर दुसऱ्या वर्षी पावसाच्या तोंडावर बाजूने मुळे छाटावीत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी खोड पुरेसे जाड झाले की, पुढे जेवढे उंच झाड हवे आहे त्याच्या साधारण एक तृतीयांश उंचीवर ते सरळ कापतात. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. नांद्रुकाचा पांढरा चीक वाहतो, त्यावर पाणी मारले की थांबतो. कापावर बागायतदार आंब्याला लावतात तीच बोर्डो पेस्ट लावावी. थोड्याच आठवड्यांत कापाच्या खाली कोंब फुटतात. त्यातला एक ठेवून वाढवायचा. तो जाड झाला की पुन्हा कापायचा. असे दोन-तीनदा केले की खाली जाड आणि वर निमुळते होत गेलेले खोड तयार होते. आमचे गुरुजी अजून त्या पहिल्या कापापर्यंत पोचलेले नाहीत.

झाड कोणते घ्यावे? नांद्रुक सर्वांत सोशिक. चिंच उत्तम, तिची पाने मुळातच बारीक. करवंद, कामिनी, बोगनवेल, आवळा, बकुळ हीही चांगली. वड आणि पिंपळ फटींत सहज मिळतात; पाने मोठी राहतात, पण शिकायला हरकत नाही. हापूसचे बोन्साय होईल का, हा प्रश्न मला आतापर्यंत निदान दहा जणांनी विचारला आहे. रत्नागिरीत तो विचारला जाणारच. आंब्याचे पान हातभर लांब, फांदीला बारीक काड्या कमी. तबकात ते झाड ओशाळल्यासारखे दिसते. आंबा जमिनीतच शोभतो, आणि त्याच्या सावलीत आपली रोपे बसतात.

हात, पाय आणि चीक

आता मी माझ्या मूळ पेशाकडे वळते. संधिवाताने बोटे आखडलेल्यांनी सिकेटर वापरावा, पण स्प्रिंगचा आणि वजनाला हलका. जाड फांदी एका झटक्यात कापण्याचा हट्ट धरू नये, लहान करवतीने दुसऱ्याकडून कापून घ्यावी. फांदी वळवायला तार लागते. ॲल्युमिनियमची मऊ तार घ्यावी, तांब्याची वृद्ध बोटांना जड जाते. पावसाळ्यात फांदी इतक्या वेगाने फुगते की पंधरा दिवसांत तार सालीत रुतते, तेव्हा दर आठवड्याला पाहावे. तार काढताना ती उलगडू नये, तुकडे करून काढावी. फांदी मोडत नाही आणि मनगटही दुखत नाही. भरलेली पिशवी एकट्याने उचलू नये. हाडे ठिसूळ झालेल्या बाईला वाकून वजन उचलताना मणक्याचे हाड दबल्याचे मी पाहिले आहे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साध्या ओरखड्यातूनही बराच वेळ रक्त येते. स्वच्छ कापडाने दहा मिनिटे दाबून धरावे आणि न थांबल्यास दवाखाना गाठावा. मातीत काम करणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वाताच्या लसीची तारीख आठवून पाहावी. दहा वर्षे होऊन गेली असतील तर ती घ्यावी. मळलेली जखम झाली असेल आणि शेवटच्या लशीला पाच वर्षे उलटली असतील, तर लगेच. काटा टोचल्यावर काही आठवड्यांनी हातावर ओळीने गाठी उठू लागल्या तर तो बुरशीचा स्पोरोट्रायकोसिस हा आजार असू शकतो. त्याला साधी प्रतिजैविके लागू पडत नाहीत, म्हणून डॉक्टरांना काट्याची गोष्ट आवर्जून सांगावी.

मधुमेहींनी अनवाणी परसात उतरू नये. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टो येतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून आणि पाण्यातून तो पायांच्या भेगांत शिरतो. ताप, पोटऱ्यांत सणकून दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी थांबू नये. मातीत राहणाऱ्या जंतूंमुळे होणारा मेलिऑइडोसिस हा आजार शेजारच्या कर्नाटकाच्या किनाऱ्यावर आढळतो आणि तो मधुमेहींना अधिक गाठतो. हे वाचून कोणी माती सोडू नये. रबरी बूट, हातमोजे आणि काम झाल्यावर साबणाने हात-पाय धुणे, एवढ्याने पुष्कळसा धोका टळतो.

कुंडीखालच्या ताटलीत साठलेले पाणी हा डेंग्यूच्या डासाचा पाळणा असतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ताटली आठवड्यातून एकदा नुसती ओतून चालत नाही. ती घासावी लागते, कारण अंडी कडेला चिकटून कोरडी असतानाही कित्येक महिने जिवंत राहतात. खरे तर पावसाळ्यात ताटल्या काढूनच ठेवाव्यात.

चिकाचे म्हणाल तर नांद्रुक, वड, पिंपळ यांचा चीक डोळ्यात गेला तर डोळा चोळू नये, वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावा. बाजारात बोन्साय म्हणून हौसेने विकले जाणारे अडेनियम, ते गुलाबी फुलांचे फुगीर बुंध्याचे झाड, दिसायला मोहक असते. त्याचा चीक मात्र कण्हेरीसारखाच हृदयाला घातक असतो. ज्या घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे आणि तो हाताला लागेल ते तोंडात घालतो, त्या घरात अडेनियम ठेवू नये. हे मी जितक्या ठामपणे सांगता येईल तितक्या ठामपणे सांगते.

इतके सगळे मी गुरुजींनाही सांगितले होते. लस, बूट, ताटल्या, चीक. एक प्रश्न मात्र मी विचारला नाही: रोपे ठेवली आहेत कुठे?

ती गच्चीवर होती. जिना अठरा पायऱ्यांचा, आणि दुसऱ्या पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ धरले होते. ऑगस्टमधल्या एका सकाळी तार पाहायला गेलेले गुरुजी घसरले आणि हात टेकून पडले. डावे मनगट मोडले. खुब्याचे हाड वाचले, हे नशीब. सहा आठवडे प्लास्टर. मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. ‘‘डॉक्टर, तुम्हीच त्यांना उत्तेजन दिलेत. मी उद्या ती सगळी रोपे काढून टाकतो,’’ तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग होता आणि तो योग्य होता. पडण्याचा धोका कुठे आहे हे विचारणे ज्येष्ठ रुग्णाच्या तपासणीत पहिल्या पाच मिनिटांत व्हायला हवे, आणि मी झाडांच्या गोष्टीत रमले होते.

मी त्याला एवढेच म्हटले की काढून टाकण्याआधी एकदा बाबांना विचार. त्याने विचारले. गुरुजींनी सांगितले, ‘‘गच्ची बंद कर. रोपे खाली आण.’’ आता मागच्या पडवीबाहेर, सकाळचे ऊन येते तिथे, कमरेएवढ्या उंचीचा चिऱ्यांचा ओटा आहे. कडेला धरायला लोखंडी नळी बसवली आहे, खाली खडबडीत फरशी, शेजारी पाठ असलेली खुर्ची. वाकायला नको, चढायला नको. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते. माकडे येतात म्हणून वर जाळी लावली आहे, तो खर्च वेगळा.

सांभाळणाऱ्यांशी थोडे

घरात वृद्धांची सेवा करणाऱ्या सुना, मुली, मुलगे आणि जोडीदार हा लेख वाचत असतील. आपल्यासाठी एक जुना प्रयोग सांगते. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धाश्रमात एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या संशोधकांनी दोन मजल्यांवरच्या रहिवाशांना झाडे दिली. एका मजल्यावर सांगितले की आपले झाड आपण निवडा आणि आपणच सांभाळा. इतर काही निर्णयही त्यांच्यावर सोपवले. दुसऱ्या मजल्यावर झाडांची निगा परिचारिका ठेवत होत्या. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक उत्साही आणि जागरूक आढळली. प्रयोग लहान होता, त्यावर नंतर बरीच चर्चा झाली आणि झाड पाळल्याने आयुष्य वाढते असा अर्थ कोणी काढू नये. मला त्यातली एकच गोष्ट रोजच्या अनुभवाशी जुळताना दिसते. झाड दोन्हीकडे होते. फरक पडला तो ते कोणाचे होते यामुळे.

म्हणून आपण मदत करताना हात आवरावा. पाणी घालायला ते विसरले तर एकदा आठवण करावी, दुसऱ्यांदा विचारावे, ‘आज पाणी झाले का?’, आणि तिसऱ्यांदाच स्वतः घालावे. कोणती फांदी ठेवायची हे त्यांना ठरवू द्यावे, आपल्याला ती चुकीची वाटली तरी. माझ्या ओळखीच्या एका घरात पक्षाघाताने उजवा हात गमावलेल्या सासूबाई खुर्चीवर बसून फक्त बोट दाखवतात, आणि सूनबाई त्या बोटाप्रमाणे कापतात. सूनबाई एकदा मला म्हणाल्या, ‘‘दिवसभरात एवढाच अर्धा तास असा, की त्यात गोळ्या नाहीत, आंघोळ नाही, भांडण नाही.’’ आपल्या थकव्याचेही औषध त्यात आहे, असे मी म्हणणार नाही. थकवा असेल तर सुट्टीच हवी. पण तो अर्धा तास दोघींचा असतो.

ज्येष्ठांपैकी काहींना मनातून एक अपराधी भावना टोचते: झाड असे कापणे, वळवणे हा त्याचा छळ नाही का? पिंपळाच्या बाबतीत तर श्रद्धेचाही प्रश्न येतो. ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांनी पिंपळ घेऊ नये, दुसरी झाडे पुष्कळ आहेत. छळाविषयी मात्र सांगते. उपाशी ठेवलेले झाड मरते, ते बोन्साय होत नाही. त्याला खत, पाणी, ऊन पुरेपूर लागते. लहान ठेवायचे ते छाटून आणि मुळे नवी करून. आपण कलमांचीही छाटणी करतोच.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात जपानी पांढऱ्या पाइनचे एक बोन्साय आहे. १६२५ पासून माणसांच्या हातांखाली ते वाढत आले. मासारू यामाकी यांनी १९७६ मध्ये ते अमेरिकेला भेट दिले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा ते झाड त्याच शहरात, यामाकींच्या रोपवाटिकेत, स्फोटाच्या केंद्रापासून तीनेक किलोमीटरवर एका भिंतीच्या आडोशाला उभे होते. देताना यामाकींनी ही गोष्ट सांगितली नव्हती. २००१ मध्ये त्यांचे नातू ते झाड पाहायला आले तेव्हा ती कळली. त्या झाडाला पहिली तार बांधणाऱ्याने यातले काहीच पाहिले नाही, पण त्याने तिचे काम नीट केले असणार.

गुरुजींच्या चार रोपांपैकी पिंपळ पहिल्याच उन्हाळ्यात गेला. पाणी एक दिवस राहिले होते. तीन नांद्रुक आहेत. प्रत्येकाला ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरलेली खूण आहे: गडग्यातून काढल्याची तारीख, मुळे छाटल्याची तारीख आणि पुढचे काम. शाळेतल्या हजेरीपटासारखी एक वहीही आहे. मनगट बरे झाल्यावर त्यात पुन्हा गुरुजींचे अक्षर दिसते. मधली सहा आठवड्यांची पाने सातवीतल्या नातवाच्या अक्षरात आहेत, आणि एका नोंदीखाली गुरुजींनी लाल शाईने शुद्धलेखन दुरुस्त केले आहे.

मागच्या महिन्यात ते साखर तपासायला आले. अहवाल बरा होता, फार चांगला नव्हता. जाताना त्यांनी तीनपैकी एक नांद्रुक माझ्या दवाखान्यात ठेवले. मी म्हटले, ‘‘गुरुजी, माझ्याकडचे आधीचे एक मेले आहे.’’

‘‘ते आत ठेवले होतेत,’’ ते म्हणाले. ‘‘हे पायरीपाशी ठेवा. पहिला काप पुढच्या जूनमध्ये आहे. पट्टीवर लिहिले आहे.’’